वस्तऱ्याखालची अर्थव्यवस्था

व्यक्तिचित्र म्हटल्यावर तुम्ही आधीच हळवे होऊन बसला असाल. आता एखादा साधाभोळा म्हातारा येणार, वरून कडक नि आतून लोण्यासारखा निघणार, आणि शेवटी त्याच्या फोटोला हार दिसणार. रुमाल खिशातच राहू द्या. आमचे अण्णा वरून कडक आहेत, आतून त्याहून कडक आहेत, आणि तब्येतीने एकदम ठणठणीत आहेत.

तळोद्याला बसस्टँडच्या रस्त्यावर अण्णांचं केस कापायचं दुकान. पण ते नावाला. खरा धंदा देश चालवायचा. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकला की त्यांना रोजगाराची चिंता सुरू व्हायची. अशा वेळी विरोध कोण करणार? मान हलवली तर गळा जातो. त्यामुळे अण्णांचा एकही मुद्दा आजपर्यंत कुणी खोडलेला नाही. टीव्हीवरच्या तज्ज्ञांना ही सोय कुठे? गावाने त्यांना 'अर्थमंत्री' नाव ठेवलं होतं, आणि अण्णांना ते कौतुकच वाटायचं.

सिद्धांत एकच. "बाहेरना लोके ऊनात नि आपला पोरेस्ना कामधंदा खाई गयात." बाहेरचे लोक म्हणजे मुख्यतः गुड्डू. उत्तर प्रदेशातला पोरगा. त्याने बरोबर समोरच काचेच्या दाराचं सलून टाकलेलं. आत एसी, गाणी आणि तोंडाला फासायला कसलीतरी काळी माती. अण्णांकडे पंखा होता, तोही मूड असला तर फिरायचा.

कॉलेज सुटलं की मी अण्णांच्या दुकानातल्या बाकावर पडीक असायचो. एकदा विचारलं, "अण्णा, पण तुमचा पिंट्या सुरतला सलूनमध्येच कामाला आहे ना?"

अण्णांनी माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं बघितलं. "आपला पोऱ्या भाईर गया ते एक्सपोर्ट. त्यास्ना पोऱ्या आठे ऊना ते घुसखोरी. इतलं साधं शे!"

मला नकला करायचा नाद. हे वाक्य मी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये अण्णांच्या आवाजात म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. अर्थशास्त्राच्या सरांनी पण वाजवल्या, म्हणजे बघा.

आता एक भानगड. न्हाव्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. आणि अण्णांचा गावातल्या दुसऱ्या कुणाच्या हातावर विश्वास नाही. म्हणून दुकानं बंद असायची त्या दिवशी दुपारी शटर अर्धं पाडून गुड्डू अण्णांचे केस कापायचा नि अण्णा गुड्डूचे. घुसखोराच्या हातात कात्री, अर्थमंत्री मान खाली घालून बसलेले. शटर वर गेलं की परत दुश्मनी सुरू.

मग लॉकडाऊन लागलं. गुड्डू टाइल्स बसवणाऱ्या आपल्या गाववाल्यांबरोबर ट्रकच्या मागे बसून निघून गेला. अण्णा ओट्यावर उभे राहून बघत होते. "आते देख भो, देश कसा सुधरस ते!"

देश लगेच सुधारला. दुकानं उघडली आणि अण्णांच्या दुकानात कुणीच येईना. लोक घरीच बायकोकडून भादरून घ्यायला शिकलेले. टाइल्सवाले नव्हते, कुल्फीवाले नव्हते. ऊसतोडीहून परतलेले पहाडातले लोक होळीआधी खाली उतरतात, खुर्चीत ऐटीत बसतात, दाढी-कटिंग करून घेतात. पुढच्या होळीला तेही फिरकले नाहीत. येणारे-जाणारे थांबले नि अण्णांचं राज्य आलं, फक्त प्रजा नव्हती. हात चालू राहावा म्हणून ते मलाच धरून बसवायचे. माझ्या डोक्यावर तेव्हा केस कमी आणि संशोधन जास्त चालायचं.

त्यातच पिंट्या सुरतहून परत आला. मालक म्हणाला होता, काम कमी आहे, आधी आमच्या गावची पोरं.

"हाई काय न्याय शे?" अण्णा कडाडले. "मन्हा पोऱ्या काय परका शे का तठे?"

माझी जीभ वळवळली. त्यांच्याच आवाजात मी म्हटलं, "एक्सपोर्टना माल परत ऊना, अण्णा."

कुणी हसलं नाही. पिंट्या पण नाही. एका दुकानात बाप आणि लेक, आणि गिऱ्हाईक म्हणून मी, तोही फुकट्या. दोघांचं पोट त्यावर भरणार नव्हतं, हे समजायला अर्थमंत्री असायची गरज नव्हती.

आठवड्याभरात समोरच्या जागेचे मालक शेठ आले. "अण्णा, वो लडका अब क्या आता है! खुर्च्या तयार, आरसे तयार. पिंट्याला बसवा. उद्या कळवा."

पिंट्याचा चेहरा उजळला. अण्णांचा सिद्धांत स्वतःच्या पायांनी चालत दुकानात आला होता. 'हो' म्हणायचं तेवढं बाकी होतं. अण्णा म्हणाले, "उद्या सांगसू."

संध्याकाळी फोन वाजला. गुड्डू. तो दोन-चार दिवस रोज करत होता आणि अण्णा उचलत नव्हते. त्या दिवशी त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. "सांग त्याले, अण्णा नही शेत."

मी स्पीकर लावला आणि काय अंगात आलं कोण जाणे, अण्णांच्या आवाजात बोललो, "बोल रे गुड्डू."

"चाचा! शेठ मेरी दुकान किसी को दे रहा है क्या? यहाँ कुछ काम नहीं है. आप बोलोगे तो आऊँगा, नहीं तो सामान बेच दूँगा."

मी अण्णांकडे बघितलं. पिंट्याने पण बघितलं. फोन हातभर अंतरावर होता, अण्णांनी हिसकावला असता तर मिळाला असता. ते वस्तरा पुसत होते. पुसलेलाच वस्तरा परत पुसत होते.

"दुकान तेरीच है," मी म्हटलं. "कोई हात नहीं लगाएगा. आ जा."

"बस, चाचा. आपने बोल दिया ना, बस."

सकाळी त्यांनी शेठना जाऊन सांगितलं, जागा गुड्डूची आहे. मग स्वतःची खुर्ची झटकली, पिंट्याला म्हणाले, "आते तू उभा ऱ्हाय आठे," आणि कात्री, वस्तरा, आरसा एका पेटीत भरून, घडीची खुर्ची बगलेत मारून वर पहाडात मोलगीच्या बाजाराला जायच्या जीपमध्ये चढले. गिऱ्हाईक खाली उतरत नाही तर आपण वर जायचं. पेटी धरायला मी.

घाटात जीप अशी उसळत होती की अण्णांचे सगळे सिद्धांत हलले असतील. बाजारात झाडाखाली खुर्ची मांडली, आरसा खिळ्याला टांगला. तेवढ्यात पलीकडे बसलेला तिथला न्हावी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता खालचे लोक येणार आणि आमचं गिऱ्हाईक खाणार!"

मला हसू आवरेना. पोट धरून हसलो. आणि मग जे काही झालं ते भर बाजारात झालं.

"हास, हास गधडा! मन्हा आवाजमा त्याले बलायं तू, नि आठे धक्का खाऊ मी? कोनले इचारं व्हतं? आनि नक्कल करनी शे ना, ते धड कर! 'आ जा' म्हनताना आवाज कापत व्हता तुन्हा. मन्हा आवाज कापस का कधी? तो गुड्डू काय समजना व्हई, अण्णानं भ्यात-भ्यात बलायं म्हनीसन? आठेंग दात काढू नको. जाय, पानी लई ये!"