पाणी उतरेपर्यंत

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमहून निघालो तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं, आणि माझ्या पर्समध्ये एकाच औषधाची गोळी तीन ठिकाणी ठेवलेली होती: चष्म्याच्या डबीत, रुमालाच्या गाठीत आणि तिच्या मूळ पाकिटात. जिभेखाली धरायची गोळी. वामनरावांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या, हृदयाच्या नळीत उन्हाळ्यात जाळी बसवली. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चाला, चढ नको, घाई नको, काळजी करू नका. शेवटची सूचना माझ्यासाठी होती. ती मला अजून जमलेली नाही.

कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर रोज सकाळी फिरणाऱ्यांचा आमचा एक संघ आहे. फिरण्याला संघ कशाला लागतो, हा प्रश्न मी पहिल्या सभेत विचारला होता, तेव्हापासून मला सभेला बोलवत नाहीत. यंदा संघाने कुमट्याच्या बाजूला समुद्रकाठची पदयात्रा काढली. पत्रकात लिहिलं होतं, ‘सोपी, सपाट, सर्व क्षमतांच्या लोकांसाठी’. ते वाचून वामनरावांनी त्याच दिवशी नाव दिलं आणि मला अट घातली. जाळीचं कुणाला सांगायचं नाही.

“एकदा सांगितलं की मी वामनराव राहत नाही गं, पेशंट होतो. सगळे माझ्याकडे बघत बघत चालतील.”

“मी तशीही बघतच चालते.”

“तुझी सवय झालीय. त्यांची कुठे करून घेऊ?”

हूटगळ्ळी मागे पडलं, नव्या घरांच्या रांगा संपल्या, आणि टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये अंताक्षरी सुरू झाली. वामनराव मोठ्याने गात होते. मी त्यांच्या गाण्याकडे नव्हे, दोन ओळींमधल्या श्वासाकडे लक्ष देत होते. दुपारनंतर होन्नावरचा घाट उतरलो. एका वळणावर अचानक झाडांच्या फटीतून एक राखाडी पट्टी दिसली. समुद्र. गाडीत टाळ्या वाजल्या. मला मात्र तो फार मोठा वाटला, आणि दवाखाना कुठे असेल हे विचारायला कोणी दिसेना.

रात्रीच्या जेवणाला नीर दोसे होते, पातळ आणि मऊ, आणि सोबत नारळाची चटणी. वामनरावांनी उप्पिनकायी (लोणचं) दुसऱ्यांदा मागितली.

“अहो, मीठ.”

“सुम्ने इरे (गप्प बस गं). समुद्राकाठी येऊन मिठाला भितेस?”

सकाळी चालायला सुरुवात व्हायची होती, ती सत्काराने झाली. म्हैसूरकरांना पेटा (म्हैसुरी पगडी) बांधल्याशिवाय कशाचाच आरंभ करता येत नाही. संघाचे सचिव नंजुंडस्वामी यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून पेटे, शाली आणि चंदनाचे हार आणले होते. गावच्या एका पुढाऱ्याचा सत्कार झाला. मग आमच्यासोबत आलेल्या निवृत्त मुख्य अभियंत्यांचा झाला. त्यांना सगळे नुसतं ‘सार’ (सर) म्हणतात. भाषणात त्यांना ‘चिरतरुण’ म्हटलं गेलं. वाऱ्याने त्यांचा पेटा दोनदा उडवला, दोन्ही वेळा तो धावत जाऊन आणावा लागला. आमच्या पदयात्रेतली ती पहिली कसरत. एवढ्यात ऊन चढलं.

वाट मात्र खरोखर सोपी होती, हे वाचकांना प्रामाणिकपणे सांगते. लाटेने नुकतीच ओली केलेली वाळू पायाखाली घट्ट असते, तिच्यावर गुडघे कुरकुरत नाहीत. वरच्या कोरड्या वाळूत पाय रुततात, तिकडे जाऊ नये. एका बाजूला सुरूची झाडं, दुसरीकडे पाणी, मध्ये उताण्या पडलेल्या होड्या. वामनराव पुढच्या घोळक्यात होते. मी दहा पावलं मागे. ते थांबले की माझा हात पर्सकडे जायचा, आणि ते शिंपला उचलायला वाकलेले असायचे.

मग खाडी लागली. गावामागच्या टेकडीवरून येणाऱ्या ओढ्याची एक लहानशी खाडी तिथे समुद्राला मिळते. नंजुंडस्वामी मागच्या आठवड्यात येऊन वाट पाहून गेले होते. त्यांचं म्हणणं, सकाळी याच वेळी घोटाभर पाणी होतं. आता समोर तपकिरी पाणी भरून वाहत होतं, आणि वाहत होतं ते उलटं, समुद्राकडून आत. आम्ही तळ्याकाठची माणसं. आमचं पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं, नाश्त्याच्या वेळा बघून हलत नाही. भरती-ओहोटी आम्हा सगळ्यांना शाळेत होती. पण वाट ठरवताना ती एकालाही आठवली नाही. मलाही नाही.

पलीकडून एक बाई येत होती. डोक्यावर टोपली, साडी वर खोचलेली, पाणी कमरेच्या वर. ती सहज अलीकडे आली.

“जाता येईल ना?” नंजुंडस्वामींनी कन्नडमध्ये विचारलं.

“होगी, एनू इल्ला (जा, काही नाही),” ती म्हणाली.

“पाणी कधी उतरेल?” मी विचारलं.

“ऊटा आगली, इळीतदे (जेवण होऊ दे, उतरेल).” आणि ती टोपली सावरत निघून गेली. तिचं ‘काही नाही’ आणि आमचं ‘काही नाही’ यांत किती अंतर आहे, ते तिला कसं कळणार?

टेकडीवरून वळसा होता, पण तो चढ. थांबणं होतं, पण पलीकडच्या गावात मंडप घातलेला, तिथे प्रमाणपत्रं वाटायची होती. नंजुंडस्वामींनी हाताला हात धरून साखळी करायला सांगितली. वामनरावांनी पँट दुमडली.

“अहो, नको.”

“सगळे चाललेत.”

“सगळ्यांना...” मी थांबले. अट आठवली.

ते माझ्याकडे पाहून हसले आणि पाण्यात उतरले. साखळीत शेवटचे. पाणी मांड्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. मध्यावर त्यांचा हात सुटला. साखळी ओरडाआरडा करत पुढे गेली आणि ते तिथेच उभे राहिले. हलेनात. वळेनात. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती.

मला पोहता येत नाही. पर्स डोक्यावर धरून मी कधी उतरले ते आठवत नाही. पाणी गार नव्हतं, एवढंच लक्षात आहे. त्यांच्यापर्यंत पोचले, चष्म्याची डबी दातांनी उघडली.

“तोंड उघडा. छातीत दुखतंय?”

“छातीत नाही गं,” ते म्हणाले. “सँडल. चिखलात रुतलीय. नवी आहे.”

मला त्यांना तिथेच बुडवावंसं वाटलं.

“ओढली तर दम लागेल,” ते हळूच म्हणाले, “म्हणून उभा राहिलो.” ऑपरेशननंतर दम हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. चेहरा पांढरा पडला होता.

“सोडा ती.”

त्यांनी पाय सोडवून घेतला. सँडल खाडीची झाली. आम्ही एकमेकांचे दंड धरून माघारी आलो. पाहतो तर काठावर सार बसलेले, पेटा मांडीवर. ते उतरलेच नव्हते.

“राव,” ते वामनरावांना म्हणाले, “मला पाण्याची भीती वाटते. कुणाला सांगू नका.”

वामनरावांनी पायातली उरलेली सँडल काढून वाळूत ठेवली. मग म्हणाले, “माझ्या हृदयात जाळी आहे, सार.”

“हौदा (हो का)?” सार म्हणाले, आणि जरा सरकून त्यांना सावलीत जागा दिली. बस्स, एवढंच. पेशंट कोणी झालं नाही.

आम्ही तिघांनी डब्यातले चपाती-पल्ये (चपाती आणि भाजी) खाल्ले. पलीकडे मंडपातून टाळ्या ऐकू येत होत्या. लहान खेकडे वाळूत बिळं करत होते. पाणी आधी थांबलं, मग कोणीतरी हळूच बोळा काढल्यासारखं उतरू लागलं. जेवणाच्या वेळेनंतर बऱ्याच वेळाने आम्ही खाडी ओलांडली. घोटाभर पाणी होतं, नंजुंडस्वामी म्हणाले होते तसं. सँडल दिसली नाही. मंडपात पोचलो तेव्हा खुर्च्या रचत होते.

म्हैसूरला परतल्यावर दोन दिवस विश्रांती घेतली, मग पुन्हा तळ्यावर. समुद्रकाठी चालावं की नाही, असं शेजारी विचारतात. जरूर चालावं, सांगते मी. बरोबर बसायला तयार असलेलं माणूस घ्यावं.

तळ्याला अर्धा वळसा झाल्यावर एक बाक आहे. आजवर त्याच्या शेजारून जाताना वामनराव मुद्दाम पावलं वाढवायचे. त्या दिवशी ते थांबले. बसले. शेजारची जागा माझ्यासाठी हाताने झाडली. माझा हात सवयीने पर्सकडे गेला.

“काही नाही गं, थोडा दम.”

नंजुंडस्वामी हात झुलवत आले. “एन राव सार, कूत्बिट्रल्ला (काय रावसाहेब, बसलात की)?”

समोर तळं होतं, जिथे होतं तिथेच, काठोकाठ आणि निवांत.

“नीरु इळीली अंत (पाणी उतरू दे म्हणून),” वामनराव म्हणाले.