पंचांगातली दुसरी चिठ्ठी

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या मंदाताईंना भविष्य कळतं अशी त्यांच्या गल्लीत एक समजूत होती, आणि ती पसरवायला त्या स्वतःच कारणीभूत होत्या. एकदा एका शेजारणीने मुलीच्या लग्नाचा मुहूर्त विचारला, तेव्हा मंदाताई म्हणाल्या, मुहूर्ताचं ह्यांना विचारा, मी फक्त जनावरांचं सांगते. शेजारीण बुचकळ्यात पडून परत गेली आणि पुढे दोन वर्षं आपलं हरवलेलं मांजर कधी येईल ते विचारत राहिली. मांजर काही आलं नाही, पण समजूत टिकली.

मंदाताईंनी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं. नवरा मधुसूदनराव सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या घराण्यात कुणीतरी एके काळी दरबारात पंचांग वाचत असे. दरबार गेला तरी वाचन सुटलं नाही. पाडव्याला गुढी उभारली की मधुसूदनराव सोवळं नेसून नव्या पंचांगातलं संवत्सरफल मोठ्याने वाचायचे. यंदाचा राजा कोणता ग्रह, मंत्री कोण, पाऊस किती, धान्य किती. ऐकायला बायको आणि मुलगा. आवाज मात्र समोर दोनशे माणसं बसल्यासारखा लावायचे.

मुलगा ध्रुव अकरा वर्षांचा असताना या वाचनात एकदा मध्येच म्हणाला, यात माझ्या खेळाचं काहीच कसं नाही? खेळ म्हणजे तो जपानी व्हिडिओ गेम. रानात हिंडायचं, चित्रविचित्र जीव पकडायचे, पाळायचे, लढवायचे. दर काही वर्षांनी त्याचा नवा भाग येतो, नवा प्रदेश येतो, शे-सव्वाशे नवे जीव येतात, आणि सुरुवातीला तिघांतला एक निवडायचा असतो, पाल्याचा, आगीचा किंवा पाण्याचा. मधुसूदनरावांच्या कपाळावर आठ्या पडल्या. तेव्हा त्याला गप्प करायला मंदाताईंनी कागदाचे दोन कपटे फाडले आणि म्हणाल्या, पुढचा भाग कुठला असेल ते तू लिही, मीही लिहिते. चिठ्ठ्या नव्या पंचांगात ठेवू. पुढल्या पाडव्याला जुनं पंचांग काढू तेव्हा बाबा वाचतील.

झालं, घराण्याच्या रिवाजाला एक शेपूट फुटलं. राजा, मंत्री, पाऊस, धान्य आणि शेवटी जनावरं.

मंदाताईंनी तो खेळ कधी हातात धरला नाही. त्यांचा अंगठा त्या बटणांवर चालतच नसे. पण अंदाज त्या शिस्तीत करायच्या. कोऱ्या राहिलेल्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीने तक्ता आखला होता. कासव झालं, बेडूक झाला, मगर झाली. मग आता पाण्यात कोण उरलं? ध्रुवला त्यात फारसा रस दिसत नसे. तो दरवर्षी एकच लिहायचा. इंडिया. किल्ला असेल. मोर असेल. आई मानणार नाही.

आणि आई खरंच मानायची नाही. तिला संतापच यायचा. अरे, त्या लोकांना तुझा किल्ला ठाऊक तरी आहे का, आणि मोर तर कधीचाच येऊन गेला. त्यांना नवे जीव हवेत. नवे जीव कुठे होतात? बेटावर. बेटावर प्राणी अडकतो, बाकीच्यांपासून तुटतो, पिढ्या जातात आणि तो निराळाच होतो. हे सगळं पुरणपोळीच्या ताटावर चालायचं. मधुसूदनराव म्हणायचे, बाईंचा तास सुरू झाला. ध्रुव गालातल्या गालात हसत दुसरी पोळी घ्यायचा.

पुण्याला नोकरी लागली तरी तो पाडव्याला आल्यावाचून राहिला नाही. सत्ताविसाव्या वर्षी, ऑक्टोबरात, डेंग्यू होऊन पाच दिवसांत गेला.

त्यानंतर मंदाताई बधिर झाल्या. दुसरा शब्द लावण्यात अर्थ नाही. पहिल्या महिन्यात जे रडायचं ते रडून झालं, मग तेही थांबलं. दूध तापवायच्या, भाजी निवडायच्या, कुणी आलं तर चहा टाकायच्या. लोक म्हणाले, बाई खंबीर आहेत. पाडव्याला कडुनिंबाचा पाला चावला तर तो कडूसुद्धा लागला नाही, कोथिंबीर खाल्ल्यासारखा त्या तो गिळून बसल्या. आपल्याला वाईट वाटत नाहीये, याचंही त्यांना वाईट वाटेना.

त्या पहिल्या पाडव्याला त्यांनी नेहमीसारख्या दोन चिठ्ठ्या फाडल्या. एकीवर आपला अंदाज लिहिला. दुसरी थोडा वेळ समोर ठेवली आणि मग तीही लिहिली. इंडिया. किल्ला असेल. मोर असेल. आई मानणार नाही. अक्षर ध्रुवसारखं, इकार मागे कललेला. दोन्ही पंचांगात ठेवल्या. पुढल्या पाडव्याला मधुसूदनरावांनी त्या वाचल्या, दोन्ही सारख्याच आवाजात. मंदाताईंनी पुन्हा दोन लिहिल्या. असे तीन पाडवे गेले. एवढ्या एका गोष्टीवर त्यांची सगळी भिस्त होती. मुलगा नाही, पण तो काय म्हणाला असता ते आपल्याला अक्षर न् अक्षर ठाऊक आहे. तेवढं आहे तोवर तो पुरता गेलेला नाही, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

यंदा फेब्रुवारीत खेळाच्या पुढच्या भागाची घोषणा झाली. प्रदेश बेटांचा. मंदाताईंनी मोबाईलवर ते चित्र पाहिलं. निळं पाणी आणि त्यात हिरवे ठिपके. इतक्या वर्षांत प्रदेशाचा अंदाज पहिल्यांदाच बरोबर आला होता. त्यांनी मधुसूदनरावांना सांगितलं. ते म्हणाले, वा. मग त्या दही विरजायला आत गेल्या.

पाडव्याच्या आदल्या दुपारी सोनिका आली. ती ध्रुवची कॉलेजातली मैत्रीण, शहरातच थाटीपुरला राहणारी, तोच खेळ अजूनही खेळणारी. वर्षातून एकदोनदा यायची, थोडं बसायची, जायची. आज ती चहा संपला तरी कप हातात धरून बसली होती.

“काकू, एक चीज दाखवायची होती,” ती म्हणाली. “तीन दिवस सोचत होते दाखवू की नको. तुम्हाला बुरा तर नाही वाटणार?”

मंदाताई म्हणाल्या, मला हल्ली काही वाटत नाही, दाखव.

इंटरनेटवर या खेळाच्या वेड्यांचा एक अड्डा होता. घोषणा झाल्यापासून तिथे जुनी भाकितं उकरून काढायची टूम निघाली होती, कुणाचं खरं झालं, कुणाचं फसलं. त्यात ‘गजकवाला’ या, ग्वाल्हेरच्या तिळाच्या मिठाईवरून घेतलेल्या नावाने चार वर्षांपूर्वी लिहिलेला एक मजकूर वर आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. हा कोण, याला बेटांचं कसं कळलं, असं सगळे विचारत होते. गजकवाला म्हणजे ध्रुव, हे त्या अड्ड्यावर एकट्या सोनिकाला माहीत होतं. तिने फोन पुढे केला. तारीख ध्रुवच्या शेवटच्या पाडव्याची होती.

“अगला पार्ट टापुओं पर होगा, लिख के रख लो. नए जानवर दिखाने हैं तो टापू ही चाहिए, वहाँ जानवर सबसे कट के अलग बनते हैं. ये मेरी आई की थ्योरी है, मेरी नहीं. घर पे मैं हर साल इंडिया ही बोलता हूँ. वो चिढ़ती है तो पूरा चैप्टर पढ़ा देती है. वही सुनने तो ग्वालियर जाता हूँ.”

मंदाताईंनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. पहिल्यांदा आला तो राग. चांगला सणसणीत, अंगात ऊब आणणारा. सोळा वर्षं या पोराने आपल्याला नाचवलं! दर पाडव्याला आपण जीव तोडून समजावत होतो आणि हा पोळी खात मजा बघत होता. त्या म्हणाल्या, लबाड आहे मेला. म्हणाल्या आणि त्या शब्दावर थबकल्या. सोनिकाने मान खाली घातली.

मग हळूहळू दुसरी गोष्ट ध्यानात आली, आणि ती रागापेक्षा वाईट होती. तीन वर्षं आपण त्याच्या नावावर जे लिहीत होतो ते त्याचं नव्हतंच. ती त्याची थट्टा होती आणि आपण तिलाच मुलगा समजून जपत बसलो. त्याच्या मनात खरं काय असायचं, ते त्या अड्ड्यावरच्या कुणाकुणाला ठाऊक होतं. आईला नव्हतं.

सोनिका निघाली तेव्हा मंदाताई तिला फाटकापर्यंत पोचवायला गेल्या. साडेतीन वर्षांत त्या कुणाला पोचवायला गेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी गुढी उभी राहिली. मधुसूदनरावांनी संवत्सरफल वाचलं, दोनशे माणसांच्या आवाजात. राजा, मंत्री, पाऊस, धान्य. मग जुनं पंचांग उघडून चिठ्ठ्या काढल्या. पहिली वाचली, बेटं. मान हलवली. दुसरी उघडली आणि वाचू लागले, इंडिया.

“ती राहू द्या,” मंदाताई म्हणाल्या. “ध्रुवची नाही ती. मी लिहिली होती.”

“माहीत आहे मला.”

“सगळ्याच?”

मधुसूदनरावांनी चिठ्ठीची घडी घातली. “त्याची वेलांटी इतकी नीट कधीच येत नसे,” ते म्हणाले.

मंदाताईंनी नव्या दोन चिठ्ठ्या फाडल्या. आता याच्याही पुढचा भाग कुठला, ते लिहायचं होतं. आपल्या चिठ्ठीवर त्यांनी वाळवंट लिहिलं, आणि पाण्यातला जीव म्हणून चिखलात झोपणारा मासा, ज्याला दुष्काळातही जगता येतं. मग दुसरी चिठ्ठी पुढे ओढली. पेन टेकवलं. तीन वर्षं हात आपोआप चालायचा, आज तो जागचा हलेना. तो इंडिया म्हणाला असता, तोंडाने. पण लिहून दुसऱ्यांना काय सांगितलं असतं? त्यांनी खूप विचार केला. वाळवंट? जंगल? का आणखी काही, जे त्यांच्या डोक्यातही येणार नाही? त्यांना काहीच सुचेना. त्यांना ठाऊकच नव्हतं.

मधुसूदनराव पंचांग उघडं धरून उभे होते. त्यांनी विचारलं, “हिच्यावर काय?”

“मला माहीत नाही हो तो काय म्हणाला असता,” मंदाताई म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज फुटला. साडेतीन वर्षं आपण ज्याच्याशी बोलत होतो ते आपणच होतो, आणि ध्रुव नाही, कुठेच नाही, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा लख्ख कळलं. त्या पाटावर बसल्या आणि आवाज न दाबता रडू लागल्या. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

मधुसूदनरावांनी त्यांना रडू दिलं. मग ती कोरी चिठ्ठी उचलली, तिची त्यांच्या चिठ्ठीसारखीच चौपदरी घडी घातली आणि दोन्ही नव्या पंचांगात ठेवल्या.