सासूच्या फोनवरचा नवरा

दर्शनाचा नवरा कॅनडात आणि दर्शना बाळकुमला सासरी, अशी सहा वर्षं निघून गेलेली. लग्न झालं तेव्हाच प्रफुल्लचं तिकडे शिकायला जायचं ठरलेलं होतं. अंगाची हळद पुरती उतरली नव्हती तोवर हा विमानात. शिक्षण झालं, नोकरी लागली, तिकडे कायमचं राहायची परवानगी मिळाली, मग त्याने बायकोला बोलावून घ्यायचा अर्ज केला. आणि तिकडच्या सरकारने तो नामंजूर केला. का? तर म्हणे, हे दोघं खरोखरचे नवरा-बायको आहेत असं आम्हाला वाटत नाही!

झालं, दर्शनाच्या सासऱ्यांचं, काळुरामशेटचं, डोकं फिरलं. मिठागरं गेली, शेतं गेली, त्यावर टॉवर आले, एका टॉवरात यांना फ्लॅट मिळाले. पण आवाज अजून बांधावरून हाक मारायचाच. "कोन बोलतं लगीन खोटं हाय?" ते हॉलमध्ये गरजले. "हलदीला अख्खा बालकूम जेवला! त्या सायबाला इथं आना, मी येक येक मानूस त्याच्यासमोर उभा करतो!"

साहेब काही बाळकुमला येणार नव्हता. म्हणून दर्शनाच वर्तकनगरला चित्रा मॅडमकडे गेली. या बाई व्हिसाची कामं करून देतात. त्यांनी लग्नाचा जाडजूड अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटला.

"मामा आहेत, मावश्या आहेत, बँजोवाले आहेत. तुम्ही दोघंच आहात असा एक तरी फोटो?"

नव्हता. ज्या फोटोत दोघं होते, त्यात मध्ये कुणीतरी पाहुणा पाकीट देत उभा होता.

"बरं, तुमच्या फोनवर त्यांचे कॉल दाखवा. चॅट दाखवा."

दर्शनाने फोन पुढे केला. प्रफुल्लच्या नावाखाली दिवाळीच्या शुभेच्छा, गणपतीचा फोटो आणि 'सिलेंडर आला का' एवढंच होतं.

"तुम्ही बोलत नाही एकमेकांशी?"

"बोलतो की. रोज."

"कुठे?"

"सासूबाईंच्या फोनवर," दर्शना म्हणाली, आणि तिचं तिलाच कसनुसं झालं. चित्रा मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

आता यात लपवण्यासारखं काय होतं? घराची रीतच ती. पोरगा परदेशात, तर त्याचा फोन आईच्या फोनवर येणार. रात्रीचं जेवण वाढायच्या वेळी, त्याची तिकडे सकाळ असताना, शालूबाई फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायच्या. "जेवलास क रं बाला?" इथून सुरुवात. मग काळुरामशेट, मग नणंद करिश्मा, मग शेजारची कुणी डोकावायला आलेली. दर्शना तेव्हा गॅसशी. बोंबील तळून होईपर्यंत तिचा नंबर यायचा. ओढणीला हात पुसत ती समोर उभी राहायची, सगळं घर तिच्या तोंडाकडे बघत असायचं.

"बरी आहेस ना?"

"हो. तू?"

"बराय."

संपलं! सहा वर्षांचा संसार एवढाच.

सुरुवातीला तिने स्वतःच्या फोनवरून लावून बघितला होता. प्रफुल्लच म्हणाला, "अगं, आईला वाटेल पोरगा लग्न झालं नि परका झाला. तिच्याच फोनवर करतो ना मी." शालूबाई वाईट नव्हत्या. सुनेला घरात घासातला घास द्यायच्या. पण पोराचा फोन म्हणजे त्यांचा जीव, तो दुसऱ्या खोलीत जाणं त्यांना सोसलं नसतं. दर्शनाने नाद सोडला. वर्तकनगरच्याच एका लॅबमध्ये ती रिसेप्शनवर काम करायची. तिथे बायका नवऱ्याच्या रिपोर्टची वाट बघत बसायच्या, फोनवर नवऱ्यांना ओरडायच्या, आणि दर्शनाला त्यांचा हेवा वाटायचा. आपल्याला ओरडायलासुद्धा नवरा नाही, या विचाराने तिचं टाळकं सटकायचं.

चित्रा मॅडमच्या सांगण्यावरून प्रफुल्ल सुट्टी काढून आला. पुरावे गोळा करायला! विमानतळावर अख्खं घर गेलं, फुलांचा हार घेऊन. घरी रोज पाहुणे. शेवटी काळुरामशेटनीच दोघांना उपवन तलावावर पिटाळलं. "जा, फोटो काढून या. निस्ते दोघांचे काढा."

गेले. फोटो काढले. तलाव मागे, हे दोघं पुढे, मध्ये एक पाहुणा मावेल एवढी जागा. "जवळ ये ना," प्रफुल्ल म्हणाला, आणि मग मोबाइलकडेच बघत बसला. टपरीवर त्याने मोठ्या ऐटीत ऑर्डर दिली, "दोन चहा."

"मी चहा पीत नाही," दर्शना म्हणाली.

"कधीपासून सोडलास?"

"कधी प्यायलेच नाही!"

त्याचं तोंड एवढंसं झालं. तिला खरं तर हसू यायला हवं होतं, पण डोळे भरून आले. त्याला वाटलं ऊन लागलं, म्हणून त्याने तिला रुमाल दिला. धन्य! मग दोघं रिक्षात बसले.

तो परत गेल्यावर मात्र फोन तिच्या फोनवर यायला लागला. शालूबाईंनी दोन दिवस अबोला धरला, करिश्माने डोळे मिचकावले. दर्शना आता खोलीचं दार लावून घ्यायची. पहिले काही दिवस तो बोललाही. तिकडची थंडी, ऑफिसातला पंजाबी मित्र, महाग कोथिंबीर. आणि मग एकदा ती बोलत असताना पलीकडून नुसता पाण्याचा आवाज. फोन ओट्यावर, हा भांडी घासतोय.

"ऐकतोयस ना?"

"तू बोल गं. नाहीतर नुसता चालू राहू दे. मॅडम बोलल्यात ना, कॉल लांब दिसायला हवेत."

त्यानंतर रोज तेच. इकडे दर्शना पलंगावर फोन धरून, तिकडे कुकरच्या शिट्ट्या. असा राग आला तिला की फोन भिंतीवर आपटावा. सासूच्या फोनवर निदान तो तिच्याकडे बघून 'बरी आहेस ना' तरी विचारायचा.

चित्रा मॅडमकडून नव्या अर्जाचे सहीचे कागद आले. दर्शनाने सही केली नाही. आज करते, उद्या करते म्हणत आठवडा काढला, आणि मग मॅडमना स्पष्टच सांगितलं की मी करत नाही. दुसऱ्या दिवशी, नेहमीच्या वेळेच्या कितीतरी आधी, प्रफुल्लचा फोन.

"डोकं फिरलंय का तुझं? सही का नाही करत?"

"कसली सही करू? आम्ही रोज बोलतो म्हणून? मी रोज तुझा कुकर ऐकते!"

"अगं फाइलसाठीच करतोय ना सगळं!"

"मग फाइलशीच लग्न करायचं होतंस!"

"आणि तू?" तोही भडकला. "सहा वर्षं 'हो' आणि 'बरी आहे'! यापलीकडे एक शब्द काढलास कधी? मला वाटायचं घरच्यांनी गळ्यात बांधलाय म्हणून सहन करतेस."

"तुझी आई, बाबा, करिश्मा, शेजारची काकू समोर बसलेली असताना काय बोलू? आठवण येते म्हणू?"

"येते का?"

"आत्ता विचारतोस?" तिचा आवाज फाटला. "यायची. मग येईनाशी झाली. तू येऊन गेलास आणि परत यायला लागली, तर तू भांडी घासत होतास!"

आज पलीकडे पाणी नाही, कुकर नाही. मग तो हळू बोलला, "मी उभ्यानेच जेवतो गं इथे. एकट्याने ताट घेऊन बसवत नाही. तुला सांगायचं होतं. पण आई समोर असायची, ती रडली असती."

"मग मला सांगायचंस. मी रडले असते."

तो रडत होता. तिला कळत होतं, आणि तरी राग जात नव्हता.

"तू येणारच नाहीस का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. तिकडच्या साहेबाला पटायच्या आधी मला तरी वाटू दे, मी तुझी बायको आहे म्हणून. मग करते सही."

"बरं. काय बोलू?"

"ते पण मीच सांगू?"

दारावर थाप पडली. "दर्शना, पोराचा आवाज आला मना. फोन दे गो इकडं, जेवला क नाय इचारते."

दर्शनाने डोळे पुसले. दार उघडलं नाही.

"आई, थांबा," ती आतूनच म्हणाली. "आम्ही बोलतोय."