सडा न पडलेलं दार

बिस्मिल्ला खालाबद्दल लिहायचं म्हणून आज देवपूजा आटोपल्याबरोबर वही घेतली. रोज चार ओळी लिहायची माझी सवय जुनी. उपास, पाहुणे, सोयाबीनची पेरणी, सगळं वहीत आहे. एप्रिल दोन हजार एकवीसची पाच पानं तेवढी कोरी आहेत.

खाला आमच्या गावची भाजीवाली. दिवस निघाला की डोक्यावर टोपलं घेऊन गल्लीत हजर. टोपल्यात मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आंबाडी. हाका कमी मारायची, दारं जास्त पाहायची. ज्या दारात सडा-रांगोळी नाही, तिथं टोपलं उतरवून सरळ आत शिरायची.

"काऊन व, मेलं का कोणी?"

बायका चिडायच्या. "हे डाकीण बिनाबोलावता येते," म्हणायच्या. पण गोकुळची बायको मोरीत बेशुद्ध पडली होती तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं. कोरं अंगण पाहून खालाच आत गेली म्हणून ती वाचली. माझ्या सासूबाई, पुष्पाबाई, खालाच्या खास मैत्रीण. दोघी आमच्या ओट्यावर बसून मिश्री लावायच्या आणि अख्ख्या गावाची निंदा करायच्या.

कोरोनाची दुसरी लाट आली तशी खालाची नजर कामाला लागली. कोऱ्या अंगणाचं घर दिसलं की ती आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईला सांगायची. आशाताई बोटाला लावायचं मशीन घेऊन यायची. तीन माणसं त्यामुळे वेळेवर दवाखान्यात गेली. तरी लोक तिला शिव्याच द्यायचे, कारण नेलेला माणूस प्लास्टिकात बांधून येतो, अशी गावात भीती होती.

त्यातच सासूबाईंना ताप भरला. त्यांनी माझा हात धरला. "मले तिकडं नेऊ नको व माय. इथंच देवापाशी राहू दे." आमचे हे म्हणाले, "कोणाले समजू देऊ नको."

मलाही कणकण होती. तरी पाच दिवस मी पहाटे उठून सडा टाकला. कधी नाही इतकी ठसठशीत रांगोळी काढली, हळदीकुंकू वाहिलं. लक्ष्मीसाठी काढायची रांगोळी मी माणसाला फसवायला काढली. खालाची चाहूल लागली की आत जाऊन सासूबाईंच्या तोंडावर पदर दाबून धरायची, खोकला बाहेर जाऊ नये म्हणून. तो गरम श्वास अजून माझ्या तळहातावर आहे. कणीक मळताना लागतो. आरतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावते, तेव्हाही लागतो.

सहाव्या दिवशी दवाखान्यात नेताना सासूबाई बुलढाण्याच्या वाटेवर गाडीतच गेल्या.

त्यानंतर खालानं टोपलं डोक्यावर घेतलं नाही. "माहे डोये फुटले," सगळ्यांना सांगायची. "पुष्पीच्या घरात मरण येऊन बसलं आन् मले दिसलं नाही. रोज दारावरून गेली मी!" पुढं खरंच मोतीबिंदू झाला. तिचा मुलगा कय्यूम ऑपरेशन करू म्हणून मागं लागला, तर म्हणे, "पाहाचं होतं तवा दिसलं नाही. आता काय पाहू?" चार वर्षं ती असंच म्हणते आहे आणि मी ऐकते आहे. आता तर भिंत चाचपत चालते.

परवा आमची प्रेरणा परीक्षेचा अभ्यास मोठ्यानं करत होती. ती मेहकरला बीएस्सी करते. मी पोळ्या लाटत होते.

"आई, ऐक ना. रक्तात मारक पेशी असतात. त्या फिरतात आन् प्रत्येक पेशीच्या अंगावर आपली खूण आहे का ते पाहतात. विषाणू आत शिरला की पुष्कळदा तो ते खूण गायब करते, म्हणजे बाकीच्या शिपायांना पत्ता लागत नाही. पण मारक पेशी म्हणते, खूण काऊन नाही? आन् तिथंच त्या पेशीला मारून टाकते. म्हणजे विषाणू पसरत नाही."

"मंग माणूस आजारी काऊन पडते?"

"काही विषाणू लय हुशार असतात. ते खोटी खूण लावतात. मारक पेशी पाहते, सगळं बरोबर दिसते, पुढं निघून जाते."

तव्यावरची पोळी करपली. "आई, लक्ष कुठं आहे तुझं?" प्रेरणा म्हणाली.

त्या दिवशी देवापुढं बसले, पण नाव तोंडात येईना. काल सकाळी खालाकडं गेले. ती खाटेवर बसून मेथी निवडत होती. बोटांनी चाचपून काडी बाजूला, पान बाजूला.

"खाला, तुमच्या डोळ्यांनी काही चुकवलं नाही. सासूबाई पाच दिवस आजारी होत्या. मी तुमच्यासाठी रांगोळी काढत होते."

तिचे हात थांबले. "पाच दिवस?"

"हो."

"खोकली नाही पुष्पी?"

मी पदराचंही सांगितलं.

मला वाटलं शिव्या देईल. द्याव्यात, असंच वाटत होतं. तिची पांढुरकी बुबुळं माझ्याकडं वळली, पण तिला मी किती दिसत होते कोण जाणे.

"म्हंजे माहे डोये बरोबर होते त," ती हळूच म्हणाली. मग आत तोंड करून ओरडली, "कय्यूम! त्या डाक्टरले सांग, येतो म्हणा मी!"

कय्यूम पळत बाहेर आला. त्याची बायको मलिहा चहाचे दोन कप घेऊन आली. खालानं आपला उचलला आणि फुंकर मारत सगळा प्यायली. दुसरा खाटेवर माझ्यापाशीच होता. मला तिनं पी म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. चहावर साय धरेपर्यंत मी बसून राहिले.