टेरिलीनवर जगलेला माणूस

दत्तूभाऊ गेल्याचा फोन मुंबईहून लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये आला. हेडक्लार्कने मला निरोप दिला आणि वर जोडलं, "बरीच वर्षं काढली म्हणायची." जणू दत्तूभाऊ त्याची खुर्ची अडवून बसले होते...

कुरवंड्याचे दत्तूभाऊ शेडमध्ये फिटर, मी त्यांचा जोडीदार. साठ-एकसष्टच्या सुमारास त्यांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली. मुंबईच्या सर्जननी तेवढा भाग काढून टेरिलीनसारख्या कापडाची नळी शिवली. किती टिकेल, मी विचारलं. "ठाऊक नाही. फार वर्षं झालेला पेशंटच अजून आमच्याकडे नाही," ते म्हणाले. सगळ्या प्रकरणात ऐकलेलं हे एवढंच प्रामाणिक उत्तर. बाकी सगळे जाणकार होते. दत्तूभाऊंच्या चुलतभावाने, नामदेवने तर दोन वर्षांची मुदतच जाहीर केली. "सदरा विरतो, मग पोटातलं कापड न्हाई विरायचं?"

ही अक्कल आठवड्यात नवऱ्या मुलाच्या गावी, शिरगावला पोचली आणि दत्तूभाऊंच्या थोरलीचं ठरलेलं लग्न अडलं. आम्ही दोघं तिथं गेलो. मुलाचे वडील म्हणाले, "बाप कापडावर जगतोय. उद्या पोरीला म्हायेर कुटलं?"

दत्तूभाऊंनी सदरा वर करून पोटावरचा उभा व्रण दाखवला. "माजं कुटं शिवलंय ते मला ठावं हाय. तुमचं कुटं फाटंल, तुमाला ठावं हाय का?"

लग्न झालं. मी मात्र तिथं चहाच्या बशीत बघत बसलो होतो, मित्राच्या बाजूने एक शब्द बोललो नाही. ज्यांची मला किळस येते त्यांत मीही आहे.

दत्तूभाऊंनी पुढे बारा वर्षं इंजिनांचे बोल्ट आवळले, नातवंडं खांद्यावर घेऊन डोंगर चढले. मग पोटात पुन्हा ठोके जाणवू लागले, आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये ते गेले. आम्ही त्यांना आणायला गेलो, तर एक तरुण डॉक्टर उत्साहाने सांगत होता, "नळी अगदी शाबूत आहे हो. जोडावरचे रेशमी टाके तेवढे कुजले." माणूस गेला होता, आणि याला कापडाचं कौतुक.

दहाव्याला नामदेव ओटीवरच्या घोंगडीवर ऐसपैस बसला. "मी म्हनलोच व्हतो, टिकायचं न्हाई."

दोन वर्षांची मुदत देणारा, बारा वर्षांनी... दत्तूभाऊंच्या बायको, सखूवहिनी, आतून आल्या. आवाज चढवला नाही.

"उठा भावजी. तितं ते बसायचे."

नामदेव उठला. त्या घोंगडीवर अजून कुणी बसत नाही.