देवासमोरची भिंत

रंगारी आप्पांनी डोळ्यांसमोरचा डोंगर बघून डोंगर कधी काढला नाही. पोटासाठी ते ट्रॉल्यांवर नावं आणि दुकानांच्या पाट्या रंगवत. पण आमच्या गावच्या भैरवनाथाच्या देवळात, गाभाऱ्यासमोरच्या भिंतीवर, देवळाच्या दाराच्या दोन्ही बाजूंना त्यांनी कुठंच नसलेला एक मुलूख काढला होता. दर वर्षी जत्रेआधी त्यात एखादी टेकडी, एखादं झाड वाढायचं.

मी एकदा विचारलं, “आप्पा, ही नदी कुठली? भीमा का?”

“भीमेला नाव हाय, ताई. हिला अजून कुणी हाक न्हाई मारली.”

चित्रात देव नव्हता. यवतच्या एका पाहुण्यानं टोमणा मारला, “एवढं रंगवलं, आन् देवच इसरला व्हय?”

आप्पा हसले. “देव आत बसलाय की. दिसभर दारातनं हायवेचे टँकर बघतोय. त्याला नगं व्हय काही हिरवं?”

ब्रश उचलण्याआधी ते गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बराच वेळ बसत. देवाला जिथून दिसतं तिथून आधी बघायचं, मग हात लावायचा, हा त्यांचा नियम.

देवस्थान समितीचं लिखाणकाम मीच बघायचे, त्यामुळं जीर्णोद्धार निघाला तेव्हा कामांची यादी अर्थातच माझ्याकडं आली. आप्पा तेव्हा मोतीबिंदूसाठी शिरूरला लेकीकडं होते. “डोळं करून येतो, मग नदीपल्याडचा काठ घेतो,” असं मला सांगूनच गेले होते. इकडं भिंतीला ओल आली होती. मी लिहिलं : भिंती खरवडणे, टाइल्स बसवणे. आप्पांना विचारणे, हे लिहायचं मला सुचलंच नाही.

मिस्त्रीला मात्र सुचलं. “मॅडम, ये पेंटिंग भी निकालना है?”

“सगळं,” मी म्हणाले आणि पुढच्या कामाकडं वळले.

आप्पा परतले. टाइलवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, “ह्याच्या मागं हाय न्हवं?”

“हो आप्पा, मागंच आहे.”

“मग हरकत न्हाई.”

त्यानंतर ते रोज संध्याकाळी उंबऱ्याशी येऊन त्या भिंतीकडं बघत बसायचे. खरं सांगणं मी रोज उद्यावर ढकललं.

गेल्या थंडीत आप्पा गेले. त्याच्या दोनच दिवस आधी त्यांनी मला उंबऱ्याशी शेजारी बसवून घेतलं.

“पल्याडचा काठ मनातच घेतलाय, ताई. आज तिथं वड लावला. सावली पाण्यापत्तोर आली का, बघा बरं.”

मी त्या पांढऱ्याशुभ्र टाइल्सकडं बघितलं.

“आली, आप्पा.”