सुट्टी डोक्यावर घ्यावी की मांडीवर?

आमच्या वेटिंग हॉलमधल्या सोफ्याची गादी उचलली, की खाली हेअरपिना निघतात, चिल्लर निघते, एखादा लहान मुलाचा मोजा निघतो. कोणी मुद्दाम ठेवलेलं नसतं. माणसं बसून उठून गेली की काही ना काही राहतंच. किश्शांचंही तसंच आहे. नागपूरच्या मनीषनगरात सोनोग्राफी सेंटर टाकून इतकी वर्षं झाली, आता गादीखाली जागा उरली नाही!

माझं निम्मं काम म्हणजे पोटातल्या बाळाचं वय सांगणं. बाळाजवळ आधार कार्ड नसतं. मग त्याच्या डोक्याचं माप घ्यायचं, पोटाचा घेर घ्यायचा, मांडीचं हाड मोजायचं, आणि मशीन त्यावरून आठवडे काढून देतं. सुरुवातीच्या महिन्यांत हा अंदाज पक्का असतो. शेवटच्या महिन्यांत मात्र दोन-तीन आठवडे इकडे-तिकडे चालतात. किश्शांतही तेवढं चालवून घ्या!

*

जवळच्या बेसा गावच्या कमलाबाई सुनेला घेऊन आल्या. सुनेचं नाव वंदना. दुसरी खेप, सातवा महिना उलटून गेलेला, आणि सुरुवातीची सोनोग्राफी केलेलीच नाही. माहेरी गेली होती, राहून गेलं.

"शेवटची पाळी कधी आली होती?" मी विचारलं.

"पोळ्याच्या आसपास," वंदना म्हणाली.

"आसपास म्हंजे काय वं?" कमलाबाई कडाडल्या. "आखाडीपासून दिवाळीपर्यंत सारंच पोळ्याच्या आसपास असते!"

मी मापं घेतली. रिपोर्ट आला: डोकं बत्तीस आठवड्यांचं, पोट एकतीसचं, मांडी एकोणतीसची. कमलाबाईंनी शालूताईंकडून, म्हणजे आमच्या रिसेप्शनिस्टकडून, तो वाचून घेतला आणि सरळ आत आल्या.

"डॉक्टर साहेब, डोकं आधी आलं अन् पाय मागून आले का जी?"

"नाही हो, सगळं एकाच दिवशी आलं."

"मंग एका पोट्ट्याचे तीन-तीन वय काहून?"

"कमलाबाई, हा अंदाज आहे."

"अंदाजच सांगाचा होता तं एवढी महागाची मशीन कायले घेतली? अंदाज तं मी हात लावून सांगते!"

*

त्याच संध्याकाळी फोन आला. कमलाबाईंचा मुलगा, प्रशांत. फौजेत, दूर सीमेवर कुठेतरी. आवाज असा खणखणीत की मी खुर्चीत ताठ बसलो.

"सर, आईनं रिपोर्ट वाचून दाखवला. मले एकच महिन्याची सुट्टी मिळून राहिली. अर्ज आजच द्यावा लागते. तुम्ही फक्त येवढं सांगा, सुट्टी डोक्यावर घेऊ का मांडीवर?"

मी म्हटलं, "मधली तारीख धरा."

"मधली धरली अन् दोन्ही हुकल्या तं?"

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. पहिली मुलगी झाली तेव्हा तो पोचला नव्हता. पुढं घरी आला तेव्हा ती चालायला लागली होती. दारात त्याला पाहिलं आणि आत आईला ओरडून सांगितलं, "काका आले!"

"सर, ह्या खेपेले मले काका नाई व्हायचं."

मी विचारलं, "प्रशांत, तुमचं डोकं कसं आहे?"

"थंड आहे सर."

"तसं नाही! मापानं! टोपी स्पेशल शिवून घ्यावी लागते का?"

"नाई सर, मिडियम."

"मग डोक्यावर घ्या सुट्टी."

"येस सर!" म्हणून त्याने फोन ठेवला. मला वाटतं तिकडे सॅल्यूटही मारला असेल.

*

डोकं का विचारलं, म्हणाल. त्यालाही कारण आहे.

सीताबर्डीचे एक कापड दुकानदार. बायकोच्या दर सोनोग्राफीत बाळाचं डोकं तीन आठवडे पुढे. बाकी सगळं तारखेबरहुकूम, डोकं तेवढं घाईत! ती बिचारी घाबरून अर्धी झाली. मी म्हटलं, नवऱ्याला आत पाठवा. दार उघडलं. आधी कपाळ आत आलं. बराच वेळ तेच येत राहिलं. मग मागून दुकानदार आले.

"काळजी करू नका वहिनी," मी म्हटलं. "आजार नाही. वारसा आहे."

त्या माणसाला अख्ख्या नागपुरात हेल्मेट मिळत नव्हतं. सगळ्यात मोठं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर कलिंगडावर वाटी पालथी घातल्यासारखं बसायचं. घरी जाताना व्हेरायटी चौकात पोलिसानं अडवलं. मागच्या सीटवर बायको, हातात माझा रिपोर्ट. ह्यांनी तोच दाखवला. "साहेब, घराण्यातच आहे. हे पाहा, पोटातल्या बाळाचंही डोकं मोठं निघालं."

पोलिसानं रिपोर्ट उलटसुलट पाहिला, मग वहिनींच्या पोटाकडे पाहिलं.

"म्हंजे ट्रिपल सीट! अन् तिघंही बिनाहेल्मेटचे!"

*

सगळ्यात ताणाचा किस्सा एका निवृत्त मुख्याध्यापकांचा. घरात नवीन सून. मुलगा-सून-सासरे असे तिघं आले. मी आनंदानं सांगितलं, "अभिनंदन, बारा आठवडे झाले."

मुख्याध्यापकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं.

"डॉक्टर, लग्नाला दहाच आठवडे झालेत."

सुनेच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. नवरा वर छताकडे पाहत होता, ते जास्तीचे दोन आठवडे तिथूनच गळाले असावेत असा.

मी घाईघाईनं समजावलं. आम्ही वय मोजतो ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ राहतो त्याच्या साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे पहिले दोन आठवडे बाळ नसतंच, पण मोजणीत धरतात. जगभर हीच पद्धत आहे. सूनबाईंचा हिशेब एकदम चोख आहे.

"म्हणजे हजर नसताना हजेरी लागते?"

"हो सर, तसंच."

मुख्याध्यापकांचा चेहरा उजळला. सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

"अहो, मग असं सरळ सांगा ना! तपासणीच्या दिवशी आम्हीही वर्गाचा पट असाच भरायचो!"

*

कधीकधी बाळ डोक्याचं माप घेऊच देत नाही. मान खाली घालून गाढ झोपतं. अशा वेळी आम्ही बाईला सांगतो, थोडं फिरून या, काहीतरी खाऊन या. गोड खा, असं मी म्हणतो. पण नागपूरकर ते! एक जोडपं कोपऱ्यावर जाऊन तर्री-पोहे खाऊन आलं. वर जास्तीची झणझणीत तर्री, म्हणजे रस्सा, मारून! पोटात बाळानं असा धिंगाणा घातला की डोकं पकडता पकडता माझाच घाम निघाला.

दुसऱ्या बाईलाही तोच उपाय लागू पडला. तिसरीलाही. पोहेवाल्यापर्यंत बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? पुढच्या आठवड्यात त्याच्या ठेल्यावर पाटी लागली: 'सोनोग्राफीच्या आधी एक प्लेट. बाळ लगेच उठेल.'

मी जाऊन म्हटलं, "का गा, माझ्या धंद्यात तू काय करून राहिला?"

"तुमचा धंदा कुठी साहेब? तुम्ही मोजता. उठवतो तं मी!"

*

आता प्रशांत.

डोक्याच्या हिशेबानं तो बरोबर आला. केस बारीक कापलेले, बूट चकचकीत, दोन्ही हातांत मिठाईचे डबे तयार. पण बाळाचा पत्ता नाही. एक आठवडा गेला. दुसरा गेला. नागपूरचा उन्हाळा, वंदनाला पावलं सुजून चपला होईनात, आणि ह्याची सुट्टी कूलरच्या टाकीतल्या पाण्यासारखी रोज खाली चाललेली. मोठी मुलगी आता त्याच्या गळ्यात पडून झोपत होती, बाबा बाबा करत होती, पण त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

कमलाबाई येता-जाता ऐकवायच्या, "डोक्याचं आयकलं ना? आता बस! मांडीचं आयकलं असतं तं येवढ्यात निघाला असता तिकडून!"

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी वंदनाला एकदा माझ्याकडे पाठवलं. बाळाभोवतीचं पाणी पुरेसं आहे का, ठोके ठीक आहेत का, ते पाहायला. सोबत प्रशांत. सगळं उत्तम होतं. डोकं म्हणत होतं दिवस भरलेत. मांडीचं हाड काही केल्या नीट दिसेना. बाळ आखडून बसलेलं.

"सर, मांडी काय म्हणते?"

"तुमचं बाळ पाय मुडपून बसलंय. हाड तिरपं दिसलं की माप कमी येतं. पहिल्या वेळीही हेच झालं असणार. पाय जरा सरळ करायला हवा."

प्रशांत दोन पावलं मागे सरकला, छाती पुढे काढली, आणि माझ्या त्या आठ बाय दहाच्या खोलीत असा आवाज काढला की पोटाला लावायच्या जेलची बाटली टेबलावरून पडली.

"सा व धा ऽ ऽ न!"

तुमचा विश्वास बसो न बसो, स्क्रीनवर बाळाचे पाय सरळ झाले! मी झटकन माप घेतलं. मांडी आणि डोकं एकाच आठवड्यात! बाहेर शालूताई रजिस्टर छातीशी धरून उभ्या होत्या आणि वेटिंग हॉलमधले चार नवरे ओळीनं खुर्च्यांसमोर उभे!

"अभिनंदन," मी म्हटलं. "डोकं बरोबर होतं. आता कोणत्याही क्षणी."

प्रशांतनं माझा हात असा दाबला की संध्याकाळपर्यंत मला पेन धरता आलं नाही.

पण तो क्षण काही येईना. आणखी दिवस गेले. काहीच नाही. साधी कळ नाही! स्त्रीरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, अजून एकदा पाणी पाहून घ्या, मग दवाखान्यात भरती करून कळांचं औषध द्यायचं का ते ठरवू. प्रशांतचं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं. सुट्टी वाढवून मागितली, मिळाली नाही. ह्या वेळी तिघंही आले. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

बोलल्या त्या कमलाबाई. भरल्या वेटिंग हॉलमध्ये, मला दारात गाठून.

"डॉक्टर साहेब, मांगच्या खेपेले ह्यानं तुमच्या खोलीत काय आरडाओरडा केला जी?"

"सावधान म्हणाला होता."

"अन् मंग?"

"मग काय? माप घेतलं, घरी गेले."

कमलाबाईंनी कपाळावर हात मारला. "बाप्पा बाप्पा! अरे प्रशांत, फौजीचं लेकरू ते! तू त्याले सावधानमध्ये उभं करून ठेवलं अन् निघून आला! हलीन कसं ते? विश्राम कोन म्हणीन, मी?"

सगळा हॉल हसला. शालूताई हसल्या. मी तर दाराला धरून हसलो. प्रशांत हसला नाही. तो भिंतीपासून निघाला, वंदनाच्या खुर्चीसमोर आला, गुडघ्यांवर बसला. इतक्या लोकांसमोर तिच्या पोटाजवळ तोंड नेलं. ह्या वेळी आवाज असा, की आम्हाला कान द्यावे लागले.

"विश्राम."

वंदना ताठ झाली. एका हातानं खुर्ची धरली, दुसऱ्यानं त्याचा खांदा.

"अवो," ती दात आवळून म्हणाली, "आता 'तेज चल' नका म्हणू! ऑटोत तं बसू द्या!"